झुरिचहून एका दिवसात लिख्टेनश्टाईन: नुसता शिक्का मारून परत यायचं का?

तुमचा प्रश्न असा की जूनमध्ये झुरिचला आहात, सोबत आई आणि दहा वर्षांची मुलगी, एक दिवस मोकळा आहे, आणि ग्रुप टूरने जाऊन आलेले नातेवाईक म्हणतात की लिख्टेनश्टाईनमध्ये, म्हणजे स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधल्या त्या छोट्याशा देशात, काही नाही, अर्धा तास पुष्कळ झाला, तर जावं का.

जा, नक्की जा. मी झुरिचजवळच राहते, घरी पाहुणे आले की त्यांना हमखास तिकडे नेते, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. तुमचे नातेवाईक खोटं बोलत नाहीयेत, टूरची बस राजधानी फाडुत्सच्या मुख्य रस्त्याच्या तोंडाशी सोडते, लोक दुकानात शिरतात, पासपोर्टवर शिक्का मारून घेतात, वर कड्यावरच्या किल्ल्याचा फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात. तेवढंच बघितलं तर खरंच काही नाही. हा देश त्या रस्त्यावर नाहीये हो, तो डोंगरावर आहे, आणि तिथे साधी सरकारी बस जाते.

आधी जायचं कसं ते. झुरिच मेन स्टेशनहून झारगान्सपर्यंत ट्रेन, साधारण एक तास. जाताना डावीकडच्या खिडकीशी बसा म्हणजे आधी झुरिचचं तळं आणि नंतर वालेनझे तळं दोन्ही त्याच बाजूला दिसतात, वालेनझेच्या पलीकडे कुर्फिर्स्टेनचे सुळके सरळ पाण्यातून उठल्यासारखे उभे आहेत, ट्रेनमधला हा भाग मला स्वतःला फार आवडतो. झारगान्स स्टेशनच्या बाहेरच 11 नंबरची बस मिळते, लिएमोबिल नावाची त्यांची बससेवा आहे. ऱ्हाइन नदी ओलांडली की देश बदलला, ना चौकी, ना कोणी कागद बघतं. स्विस ट्रॅव्हल पास घेतला असेल तर या बसमध्येही चालतो. व्हिसाची काळजी नको, 2011 च्या डिसेंबरपासून लिख्टेनश्टाईन शेंगेनमध्ये आहे, तुमचा शेंगेन व्हिसा पुरतो, फक्त पासपोर्ट जवळ ठेवा. पैसे स्विस फ्रँकच. देशात विमानतळ नाही, त्यामुळे येणारे बहुतेक सगळे असेच जमिनीवरून येतात.

पहिलं गाव लागतं बाल्त्सर्स, तिथे सपाट शेताच्या मधोमध एक टेकडी आणि तिच्यावर गुटेनबर्ग किल्ला, बसमधूनच छान दिसतो. पुढे अर्ध्या तासाच्या आत फाडुत्स. तिथे पोस्टाच्या स्टॉपवर उतरा पण लगेच गाव बघायला जाऊ नका, त्याच स्टॉपवरून 21 नंबरची बस पकडा आणि आधी वर माल्बुनला जा. कारण असं की जूनमध्ये आल्प्समध्ये सकाळी आकाश स्वच्छ असतं आणि दुपारनंतर ढग भरून येतात, कधीकधी गडगडाटासकट पाऊस, म्हणून डोंगर सकाळी आणि गाव दुपारी.

ही 21 नंबरची बस म्हणजे सगळ्या दिवसातली सगळ्यात सुंदर गोष्ट, असं माझं स्पष्ट मत आहे. फाडुत्स साडेचारशे मीटरवर आणि माल्बुन सोळाशे मीटरवर, तेवढं सगळं वळणावळणाने चढत जाते, खाली ऱ्हाइनचं अख्खं खोरं आणि समोर स्वित्झर्लंडचे डोंगर, आणि मग एक बोगदा येतो, 1947 साली झालेला, त्याच्या पलीकडे एकदम वेगळंच जग, दरी अरुंद, घरं लाकडी, गाईंच्या गळ्यातल्या घंटा बसमध्ये ऐकू येतात. माल्बुन हे खरं तर स्कीइंगचं गाव, उन्हाळ्यात शांत असतं. तिथून चेअरलिफ्टने झाराइसला जाता येतं, 2000 मीटर, वर हॉटेल आहे, आईंना गुडघ्यांचा त्रास असला तरी काही चढावं लागत नाही. लिफ्ट सीझनप्रमाणे चालते म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वेबसाइटवर तारखा बघून घ्या, आणि वर जॅकेट लागतंच, खाली कितीही ऊन असलं तरी.

परतताना ट्रीझनबर्गला उतरा. उतारावर पसरलेलं गाव, चर्चचा कांद्याच्या आकाराचा घुमट लांबून ओळखू येतो. इथले लोक वाल्सर, म्हणजे साधारण सातशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या वालिस भागातून डोंगर ओलांडून आलेले, खालची चांगली जमीन आधीच दुसऱ्यांकडे होती म्हणून हे वर उतारावर राहिले, जंगल तोडून कुरणं केली, आणि त्यांची बोली आजही खालच्या गावांपेक्षा वेगळी आहे. त्यांचं छोटंसं म्युझियम गावातच आहे. मला हे माहीत नव्हतं तोपर्यंत ते गाव नुसतं चित्रासारखं वाटायचं, कळल्यावर तिथली प्रत्येक तिरकी शेतं बघताना त्यामागचे कष्ट दिसायला लागले.

जेवण इथे किंवा माल्बुनला, पण दीडच्या आत बसा, बऱ्याच ठिकाणी दोनला किचन बंद होतं ते एकदम संध्याकाळी उघडतं. शाकाहारी असाल तर केझक्नॉप्फ्ले मागवा, पिठाचे छोटे गोळे, भरपूर चीज, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गोड सॉस. पिठात अंडं असतं एवढं लक्षात ठेवा, आई खात नसतील तर आधी विचारा. एक प्लेट दोघींना पुरते असा माझा अनुभव. महाग आहे, झुरिचसारखंच, म्हणून सोबत दशम्या-चटणी नेलीत तर कुठल्याही बाकावर बसून खा, कोणी काही म्हणत नाही.

आता दुपारी फाडुत्स. किल्ल्यात आत जाता येत नाही, कारण तिथे राजघराणं खरंच राहतं. प्रिन्स हान्स-आडाम दुसरे राष्ट्रप्रमुख आहेत आणि 2004 पासून रोजचा कारभार त्यांचे चिरंजीव आलोइस बघतात. गावातून वर पायवाट जाते, वीसेक मिनिटं चढ आहे, आईंना खाली कॅफेत बसवून तुम्ही मुलीला घेऊन जाऊन या. मुलीला ही गोष्ट जरूर सांगा: हे घराणं व्हिएन्नाचं, बक्कळ श्रीमंत, पण पवित्र रोमन सम्राटाच्या दरबारसभेत खुर्ची हवी तर थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन लागायची, म्हणून त्यांनी 1699 मध्ये शेलेनबर्ग आणि 1712 मध्ये फाडुत्स विकत घेतलं, आणि 1719 मध्ये दोन्ही मिळून हा देश झाला. म्हणजे राजाने देश जिंकला नाही, खरेदी केला. आणि एवढं करून राज्य करणारा प्रिन्स तिथे पहिल्यांदा आला तो 1842 साली, राहायला तर 1938 मध्ये. सैन्य 1868 मध्येच खर्च परवडत नाही म्हणून बंद केलं ते आजतागायत नाही. समुद्र गाठायला दोन देश ओलांडावे लागतात असे जगात दोनच देश, हा आणि उझबेकिस्तान, भूगोलाच्या पुस्तकात हे नसतं.

पण कृपा करून तिला हा खेळण्यातला देश म्हणून दाखवू नका, हे मी मनापासून सांगतेय. 160 चौरस किलोमीटर, लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी, आणि तरी काम करायला रोज स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियातून इतकी माणसं येतात की तिथल्या निम्म्याहून जास्त नोकऱ्या बाहेरून येणाऱ्यांच्या हातात आहेत. आपल्याकडे बांधकामावर जे हिल्टीचं ड्रिल मशीन दिसतं ना, ती कंपनी फाडुत्सच्या शेजारच्या शानची, 1941 मध्ये सुरू झालेली, अजून मुख्यालय तिथेच. आणि दुसरी बाजूही आहे, बायकांना मतदानाचा हक्क 1984 मध्ये मिळाला, तोही पुरुषांच्या मतदानात अगदी थोडक्या फरकाने. मुख्य रस्त्याच्या टोकाला पार्लमेंटची नवी इमारत दिसेल, तिथे उभी राहिले की मला दर वेळी हेच आठवतं आणि राग येतो, इतकं देखणं गाव आणि हे एवढ्या उशिरा. पण 2003 पासून तिथल्या घटनेत असंही आहे की अकरापैकी कुठल्याही गावाला मतदान करून देशातून बाहेर पडायची प्रक्रिया सुरू करता येते. मोठमोठ्या देशांना जे सुचणार नाही ते यांनी लिहून ठेवलंय.

शिक्क्याचं म्हणाल तर तो पर्यटन केंद्रात थोडे फ्रँक देऊन मिळतो, आठवण म्हणूनच, सरकारी नोंदीशी त्याचा संबंध नाही. मी पासपोर्टवर मारून घेत नाही, त्यापेक्षा एक पोस्टकार्ड घ्या, लिख्टेनश्टाईनचं तिकीट लावा आणि तिथल्याच पोस्टातून घरच्या पत्त्यावर पाठवा. 1912 पासून ते स्वतःची तिकिटं काढतात आणि ती फार सुरेख असतात, छोटं पोस्ट म्युझियमही त्याच रस्त्यावर आहे, मुलीला आवडेल. आधुनिक चित्रकलेत रस असेल तर तो मोठा काळा ठोकळा दिसतो ते कुन्स्टम्युझियम, नसेल तर सरळ पुढे चला.

परत येताना पायात ताकद उरली असेल तर बस न घेता ऱ्हाइनवरच्या जुन्या लाकडी पुलावरून चालत या. 1901 चा पूल, 135 मीटर लांब, वरून छप्पर, गाड्या नाहीत, नुसते पादचारी आणि सायकलवाले, मध्यावर सीमेची खूण आहे तिथे एक पाय या देशात आणि एक त्या देशात ठेवून फोटो काढता येतो. पलीकडे झेवेलेन स्टेशन, फाडुत्सपासून एकूण पाऊण तास धरा, तिथून लोकल ट्रेनने झारगान्स आणि मग झुरिच. आईंना जमणार नसेल तर 11 नंबरचीच बस घ्या.

आणि त्या दिवशी सकाळपासूनच पाऊस असेल तर माल्बुनचा हट्ट करू नका, वर धुक्यात काहीच दिसत नाही. तारीख पुढेमागे करता आली तर करा, कारण तुमच्याकडे झुरिचमध्ये बाकीचे दिवस आहेत आणि पावसात बघायला झुरिचची म्युझियम्स चांगली आहेत.