बाग वाचवायची तर आधी नकाशा मिळवा

आमच्या वसाहतीतल्या बागेखाली वाहनतळ बांधून वर पुन्हा बाग करून देणार, असं कळलं. मोर्चा काढायचं ठरतंय. सुरुवात कुठून करावी?

मोर्चा जरूर काढा, पण त्याआधी नगररचना विभागातून त्या जागेचा भाग नकाशा (विकास आराखड्याच्या नकाशातला तेवढा भाग) आणि झोन दाखला (जागा कशासाठी राखलेली आहे ते सांगणारा) घ्या. विकास आराखड्यात जागा 'उद्यान' म्हणून आरक्षित असेल, तर ते आरक्षण नुसत्या तोंडी आदेशाने उठत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल करायचा, तर राजपत्रात सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते. हरकतींसाठी मुदत एक महिन्याची. जेसीबी फाटकाशी येईपर्यंत हा महिना बहुतेक वेळा उलटून गेलेला असतो, आणि बागा जातात त्या इथेच. म्हणून सूचनांवर लक्ष ठेवायला गटातल्या एकाला नेमूनच टाका.

'आरक्षण तेच राहणार, वाहनतळ नियमावलीत बसतो' असंही उत्तर मिळेल. मग माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून ठराव, मंजूर नकाशा आणि निविदा मागा. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. नकाशा हाती आला की दोन गोष्टी पाहा. स्लॅबवर मातीचा थर किती आहे? आणि पावसाचं पाणी कुठे मुरणार? हात-दोन हात मातीत हिरवळ आणि झुडपं जगतात, वड किंवा चिंच वाढत नाही. 'वर पुन्हा बाग' म्हणजे सावली नसलेली बाग मिळणार असेल, तर हरकतीत ते स्पष्ट लिहा. प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मी भाडेकरू आहे, घर माझ्या नावावर नाही. माझी हरकत धरतील का?

धरावीच लागेल. कलम 37 मध्ये हरकत 'कोणत्याही व्यक्तीकडून' मागवायची आहे, मालकाकडून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा हा निकालही जवळ ठेवा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. परिसरातले रहिवासी कोर्टात गेले. त्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे, असं न्यायालयाने मानलं आणि ते वाटप टिकलं नाही. रुग्णालयासारखं चांगलं कारणसुद्धा उद्यानाच्या जागेला पुरेसं ठरलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

बागेतल्या झाडांवर तोडण्याच्या नोटिसा चिकटवल्या आहेत. काय लिहू?

'झाडं तोडू नका' एवढ्यावर थांबू नका. नोटिशीचा फोटो काढा, प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर टिपा आणि मुदतीत वृक्ष अधिकाऱ्याकडे हरकत द्या. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची तरतूदही त्यात आहे. त्यामुळे वय कमी दाखवलंय का, हे आधी तपासा. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सोबत असतील तर उत्तम.

नगरसेवक म्हणतात, सुशोभीकरणच तर होतंय, विरोध कशाला?

कामाचा तपशील बघा. पेव्हर ब्लॉक, कारंजी, सेल्फी पॉइंट, कुंपणाला नवी जाळी यातच पैसा जाणार असेल तर विरोध रास्त आहे. काँक्रीट बुंध्याला भिडलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड वादळात पडतं. मग झाडच धोकादायक ठरवलं जातं, याचा मला संताप येतो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. आपल्या पत्रात हाच आग्रह धरा. आणि पर्याय लिहून द्या: मातीची पायवाट, बाकं, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह. विरोध करणाऱ्यांकडे योजना असली की अधिकारी ऐकून घेतात.

बाग रहिवाशांच्या संस्थेने चालवायला घ्यावी का?

घ्या, पण फाटक सर्वांना खुलं ठेवायच्या अटीवर. मुंबईचं ओव्हल मैदान पाहा. दुरवस्था झालेल्या या मैदानासाठी रहिवासी कोर्टात लढले, देखभालीची जबाबदारी त्यांनी घेतली, आणि तिथे आजही कोणीही क्रिकेट खेळू शकतं. 2018 मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. करारात वेळ, प्रवेश आणि हिशोब या तीन गोष्टी लेखी घ्या. फेरीवाल्यांची, घरकामगारांची मुलं संध्याकाळी तिथे खेळणार नसतील, तर असा करार करू नका.