चाळीस कुंड्या म्हणजे चाळीस वाण नव्हेत

तुम्ही विचारलंय, लातूरच्या शेडनेटमधल्या डेंड्रोबियम ऑर्किडच्या चाळीसही कुंड्यांची डीएनए तपासणी करून, सगळ्यात लांबची, म्हणजे डीएनएत सगळ्यात वेगळी, जोडी निवडून उन्हाळा सोसणारा संकर करावा का?

आधी ते चाळीस आहेत का ते बघा. बाजारातलं डेंड्रोबियम बहुतेक टिश्यू कल्चरचं, म्हणजे एकाच झाडाच्या हजारो नकला. माझ्याकडे परभणीत दोन रोपवाटिकांतून दोन नावांनी आणलेली झाडं होती, एकाला दुप्पट पैसे मोजलेले. दहा एसएसआर मार्कर, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक जागांच्या लांबीतला फरक पट्ट्यांनी दाखवणाऱ्या खुणा, लावले, एकही पट्टा इकडचा तिकडे नाही. बायको आठवडाभर हसत होती. तपासणीचा मोठा फायदा माझ्या मते हाच, जुळी झाडं बाजूला काढणं. मात्र रंग वेगळा असूनही पट्टे सारखे आले तर लॅबवाल्याशी भांडू नका. टिश्यू कल्चरमध्ये उत्परिवर्तनाने रंग बदलतो, तेवढा बारीक फरक दहा मार्करांत सापडत नाही.

कॉलेजात आरएपीडी ही दुसऱ्या प्रकारची डीएनए तपासणी स्वस्तात करून देतात म्हणालात. नको. तिच्यात प्रायमर, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू करणारा तुकडा, जेमतेम दहा अक्षरांचा, मशीन बदललं किंवा डीएनए जरा मळका आला की पट्टे बदलतात. शिवाय पट्टा आहे की नाही एवढंच कळतं. एसएसआरमध्ये आईकडचा आणि बापाकडचा तुकडा वेगळा दिसतो, समजा एक 152 अक्षरांचा, दुसरा 158 चा.

पान कोवळंच द्या. ऑर्किडच्या पानात चिकट शर्करा आणि पॉलिफेनॉल, म्हणजे तपकिरी पडणारी द्रव्यं, भरपूर. जुन्या जाड पानातून मी पहिल्यांदा काढलेला डीएनए गुळाच्या पाकासारखा तपकिरी, पिपेटच्या टोकाला तार धरणारा. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला काढायचा टप्पा, चाललाच नाही. डीएनए काढायच्या सीटॅब द्रावणात पीव्हीपी, म्हणजे पॉलिफेनॉल धरून ठेवणारी पावडर, घालायला सांगा.

आता लांबच्या जोडीचं. दोन झाडांत फरक किती, हे मार्कर सांगतो. ऊन कोण सोसेल ते नाही. मे महिन्यात कुणाच्या कळ्या गळाल्या, कुणाची पानं पिवळी पडली, याची वही ठेवा. त्यातून आठ-दहा झाडं निवडून तेवढ्यांचीच तपासणी करा, खर्चही आवरेल. दुसरी गोम गुणसूत्रांची. डेंड्रोबियमच्या साध्या झाडात ती सहसा 38, म्हणजे 19 चे दोन संच. बाजारी वाणांत तीन संचांचीही झाडं असतात. फूल देखणं, पण शेंग धरत नाही, धरली तर बी पोकळ. फुकटातली चाचणी म्हणजे परागण करून बघा.

बांधावरच्या आंब्यावर वाढणारा वांडा टेसेलाटा हा रानातला ऑर्किड संकरासाठी घ्यावा का, तर तो काटक खराच. लोक बांडगूळ समजून ओरबाडतात, पण तो झाडाचा रस पीत नाही, नुसता बसलेला असतो. मात्र डेंड्रोबियमशी त्याचं जमत नाही, त्याला वांडाच्याच जवळच्या नात्यातला जोडीदार लागतो.

बियांना स्वतःचं अन्न नसतं, त्यामुळे त्या बाटलीतच रुजवाव्या लागतील आणि पहिलं फूल यायला तीन-चार वर्षं जातील. तोवर पाट्या शिसपेन्सिलीने लिहा. माझी मार्करपेनची सगळी अक्षरं दोन उन्हाळ्यांत उडाली.