तुझ्या पोस्टरवरचा तो लाल ठिपका

प्रिय दोस्ता,

तुझं पोस्टर काल रात्री उघडलं आणि आज सकाळी परत एकदा बघितलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. काम चांगलं झालंय. रंग जमलेत, अक्षरं नीट बसलीयत. पण उजवीकडे वर कोपऱ्यात तो लाल ठिपका आहे ना, त्याच्यावर माझी नजर दोन्ही वेळा अडकली, आणि तू मेलमधे लिहिलंयस की तिथे रिकामं रिकामं वाटत होतं म्हणून टाकला. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

ठिपका जागा भरायला ठेवायचा नसतो. कोऱ्या कागदावर नजर कुठेही थांबत नाही, सगळा कागद सारखाच असतो. एक ठिपका ठेवलास की लगेच वर-खाली, जवळ-लांब, डावं-उजवं असं सगळं सुरू होतं. म्हणजे ठिपक्याभोवतीची रिकामी जागाही तूच डिझाईन करत असतोस. भूमितीत बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, फक्त स्थान असतं. आपल्याला तो दिसायला हवा म्हणून आकार द्यावा लागतो खरा, पण मुद्दा तोच राहतो: तो कुठे आहे?

हे वाचून कळत नाही, हाताने करून बघ. काळा कागद पंचिंग मशीनमधे घाल, साधारण 6 मिलिमीटरचे गोल तुकडे पडतात. ए-फोरचा पाव कागद घे, त्यावर एक तुकडा ठेव आणि बोटाने हळूहळू सरकव. पट्टीने मोजून बरोब्बर मधे ठेवलास तर तो किंचित खाली घसरल्यासारखा वाटेल, जरा वर घेतलास की मग डोळ्याला मधे वाटतो. आता कडेकडे ने. कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आला की अस्वस्थ व्हायला होतं, टेकला की चिकटल्यासारखा दिसतो, आणि अर्धा बाहेर गेला की कागद तिथे संपतच नाही, पुढे काहीतरी चालू आहे असं वाटायला लागतं. एकच तुकडा आहे, फक्त जागा बदलतेय. यावर अर्धा तास घालव, घाई करू नकोस.

तुझा लाल ठिपका नेमका त्या अस्वस्थ जागेवर आहे, दोन्ही कडांच्या अगदी जवळ. तुझं शीर्षक खाली डावीकडे, आणि पोस्टरमधला सगळ्यात भडक रंग वर उजवीकडे, त्यामुळे वाचणारा शीर्षकापर्यंत पोचायच्या आधीच कोपऱ्यातून बाहेर पडतो.

मग दुसरा तुकडा ठेव. दोघांमधे एक रेघ दिसायला लागेल, जी कुणी काढलेलीच नाही. लांब नेत जा, एका अंतरावर ती तुटते. ते अंतर प्रत्येक कागदावर वेगळं, पाठ करायचं काही नाही त्यात, बघायचं फक्त. तिसरा ठेवलास की त्रिकोण.

आणि ठिपका गोलच असतो असं नाही हां. मोठ्या रिकाम्या जागेत एकटा शब्द, लांबून दिसणारा एक चेहरा, मोकळ्या स्क्रीनवरचं एकच बटण, सगळे ठिपक्याचंच काम करतात. तुझ्या पोस्टरमधे खाली एकटी पडलेली ती तारखेची छोटी ओळ आहे ना, तीही ठिपकाच आहे, आणि चांगला आहे, पण लाल ठिपका तिच्याकडे कुणाला बघूच देत नाही.

बॅकग्राउंडला जी बारीक ठिपक्यांची जाळी दिलीयस तिच्याबद्दलही सांगते. छापलेला काळा-पांढरा फोटो भिंगातून बघ, करडा रंग कुठेच सापडणार नाही, फक्त लहानमोठे काळे ठिपके आणि मधला पांढरा कागद, करडा आपला डोळा बनवतो. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराने 1884 ते 1886 मधे साधारण दोन बाय तीन मीटरचा अख्खा कॅनव्हास असाच रंगाच्या छोट्या छोट्या ठिपक्यांनी उभा केला. पण छपाईत शाई कागदात पसरते, ठिपके फुगतात, गडद भागातले एकमेकांना चिकटतात आणि अगदी फिकट भागातले कधीकधी उमटतच नाहीत. सुरुवातीला माझी एक अख्खी जाळी अशी गायब झाली होती, स्क्रीनवर सुंदर दिसत होती आणि छापून आला तो कोरा कागद, आणि चूक माझीच होती, मी प्रूफ न बघता ओके दिलं होतं. तेव्हा तुझी जाळी आधी खऱ्या कागदावर, खऱ्या मापात काढून बघ.

आता शीर्षकाकडे ये. 'रंगांचं जग'. पहिल्याच शब्दाच्या डोक्यावर एका ओळीत तीन अनुस्वार आहेत, मोजून बघ! तुला ठिपका हवा होता आणि तीन तिथे आधीच बसलेले होते, तेही अर्थासकट, कारण आपल्याकडे मद आणि मंद, वश आणि वंश यांत फरक एका टिंबाचाच असतो. कोपऱ्यातला काढ आणि या तिघांपैकी एकच लाल करून बघ. माझा अंदाज आहे शेवटचा, कारण तिथून नजर 'जग'कडे जाईल. मधला केलास तर शब्द तिथेच थांबेल बहुतेक, पण तिन्ही करून बघ, माझ्या अंदाजावर जाऊ नकोस. फक्त अनुस्वार आपल्या अक्षरावरच राहायला हवा, जरा सरकला की शेजारच्या अक्षराचा वाटतो, आणि मोठ्या साईजमधे ते लगेच डोळ्यात येतं.

तिन्ही फाईल पाठव, सोबत जुनीही जोड. शेजारी शेजारी ठेवून बघायच्यात मला.