स्टुडिओ रेकॉर्डिंगसाठी ड्रमची हेड्स (ड्रमवर ताणलेले प्लास्टिकचे पडदे) कोणती घ्यावीत आणि किट ट्यून कसं करावं?

तुमच्याकडे २२ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १२ आणि १६चे टॉम आणि १४ची स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) आहे, पुढच्या महिन्यात अंधेरीत चार गाणी रेकॉर्ड करायची आहेत, आणि टॉम फार घुमतात म्हणून वर जाड हेड घालून टेप मारावी का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर टेपचा विचार सोडा. आधी टॉम उलटे करून खालची हेड्स बघा. काठी लागत नाही म्हणून ती खराब दिसत नाहीत, आणि मग किटबरोबर आलेलीच वर्षानुवर्षं तशीच राहतात. पण टॉमचा आवाज किती वेळ टिकतो आणि कसा विरतो, यात खालच्या हेडचा वाटा वरच्याइतकाच असतो. टेपने वरचं हेड दबतं, दोन हेड्समधलं भांडण मिटत नाही.

हेडची जाडी मिलमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. १० मिल म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. टॉमला वर दोन पर्याय आहेत. एक पदरी १० मिल कोटेड (वर खरखरीत थर दिलेलं), म्हणजे रेमो अँबॅसेडर किंवा इव्हान्स जी१: आवाज मोकळा, हलका हातही नीट ऐकू येतो. किंवा ७ अधिक ७ मिलचं दुपदरी, म्हणजे रेमो एम्परर किंवा इव्हान्स जी२: काठीचा ठोका जाड येतो, वरचे स्वर लवकर विरतात. रॉक वाजवत असाल आणि हात जड असेल तर दुपदरी घ्या. खाली मात्र दोन्ही बाबतीत एक पदरी १० मिल क्लिअरच, म्हणजे पारदर्शक. खालीही दुपदरी घातलं की टॉमचा डबा होतो.

स्नेअरला वर कोटेड अँबॅसेडर पुरतं. खाली स्नेअर-साइड म्हणून वेगळं विकतात तेच हवं. ते जेमतेम ३ मिलचं असतं, म्हणून तारा हलक्या ठोक्यालाही बोलतात. खरेदीला धोबी तलावला फुर्टाडोजकडे जाणार असाल तर आधी फोन करून हे खालचं हेड आहे का ते विचारा. किकला कडेला आवाज दाबणारी रिंग असलेलं हेड, म्हणजे पॉवरस्ट्रोक ३ किंवा ईमॅड.

जुनी हेड्स काढली की ड्रमची कड, म्हणजे हेड जिच्यावर टेकतं ती लाकडी धार, तपासा. टॉम स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा, दिवे घालवा. कडेखालून कुठे उजेड फटीसारखा दिसला तर तिथे कड बसकी आहे. तो ड्रम कितीही पिळलात तरी त्या जागी सुरात येणार नाही. तो सुताराकडे नाही, ड्रमचं काम जाणणाऱ्याकडेच न्या. कड कोरड्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत रॉड (हेड ताणणारे लांब स्क्रू) गंजतात आणि चावी जड फिरली की हाताला ताण कळत नाही, म्हणून प्रत्येक रॉडच्या आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या.

आता खालच्या हेडपासून सुरुवात. रिम (हेड दाबून धरणारी कडी) बसवा आणि सगळे रॉड बोटांनीच, वॉशरला टेकेपर्यंत फिरवा. मग चावीने प्रत्येकी अर्धा फेरा, समोरासमोरच्या जोड्यांनी. शेजारून शेजारी गेलात तर हेड एका बाजूला ओढलं जातं. सुरकुत्या गेल्या की तळहाताने मध्यभागी दाबा. थोडी करकर होते, ती डिंकाची, घाबरू नका. (स्नेअरच्या ३ मिलच्या हेडवर मात्र असा जोर लावू नका.) परत सैल वाटलं तर पाव-पाव फेरा.

टॉम गालिच्यावर ठेवा म्हणजे दुसरं हेड गप्प राहील. एक बोट मध्यावर अलगद टेकवा आणि प्रत्येक लगसमोर (रॉड ज्यात पिळला जातो तो ड्रमच्या अंगावरचा भाग), रिमपासून दोन बोटं आत, काठीने हलकेच टिचका. मधल्या बोटामुळे मूळ स्वर दबतो आणि त्या लगचा वरचा स्वर साफ ऐकू येतो. तबला लावताना गजऱ्यावर घराघराने फिरतात, तसंच हे काम आहे, आणि इथेही एक घर समोरच्याला ओढतं. एखादा लग चढा आहे, रॉड सैल केला तरी उतरत नाही, तर समोरचा रॉड तपासा. बहुधा दोष तिथे असतो. उतरवायचं झालं तर हव्या त्या स्वराच्या खाली जाऊन पुन्हा वर या. नुसता सैल सोडलेला रॉड चार ठोक्यांत आणखी सुटतो.

वरचं हेडही असंच लावा आणि मग दोघांचं नातं ठरवा. दोन्ही एका स्वरात असली तर आवाज सगळ्यात लांब टिकतो, आणि तुम्हाला नेमका तोच त्रास होतोय. वरचं सा धरलं तर खालचं कोमल गंधारापर्यंत चढवा. आवाज आखडतो, ठोक्यानंतर किंचित खाली झुकतो, आणि टेपची गरजच उरत नाही. त्याहून फार वर नेलंत तर टॉम कोरडा पडतो. दोन टॉममध्ये चौथ्याचं अंतर ठेवा: फ्लोअर टॉम, म्हणजे १६चा, सा, तर १२चा मध्यम. आकड्यांत हवं असेल तर १६चा ८२ हर्ट्झच्या आसपास, १२चा ११० च्या. हे आकडे हात मोकळा सोडून मध्यावर मारलेल्या पूर्ण ड्रमचे आहेत. लगजवळ ट्यून-बॉट (ड्रमचा स्वर मोजणारं यंत्र) किंवा मोबाइल अ‍ॅप लावलंत तर साधारण दीडपट किंवा त्याहून जास्त दिसेल. तो आकडा ११० वर आणायला जाऊ नका, हेड लोंबायला लागेल.

स्नेअर लावताना तारा सोडून ठेवा. खालचं हेड घट्ट, वरच्यापेक्षा चढं. तारांच्या दोन टोकांशी कड मुद्दाम खोल कापलेली असते, तिथली बारीक सुरकुती चालते. वरचं १८० ते २२० हर्ट्झमध्ये, गाणं संथ असेल तर खालच्या बाजूला. मग तारा हळूहळू ताणा आणि खडखड थांबली की तिथेच थांबा. पुढे ताणलंत तर हलके ठोके गायब होतात. १२च्या टॉमवर मारल्यावर स्नेअरच्या तारा करकरतात ही नेहमीची तक्रार आहे. टॉमचा स्वर स्नेअरशी जुळला की ती होते, आणि दोघांपैकी एकाला अर्धा स्वर हलवला की बहुतेक वेळा सुटते. थोडीशी करकर राहिली तर राहू द्या, गाण्यात ती जिवंत वाटते.

किकचं काम सोपं आहे. दोन्ही हेड्स सुरकुती जाण्याच्या थोडी वर, पुढच्या हेडला मध्यापासून बाजूला चार-पाच इंची भोक, आत घडी घातलेला टॉवेल दोन्ही हेड्सना जेमतेम टेकेल असा. उशा कोंबू नका.

हेड्स रेकॉर्डिंगच्या दोन-तीन दिवस आधी चढवा, जोरात वाजवा, पुन्हा लावा. नवं हेड ताणलं जातंच. टेम्पोतून दमट हवेत आलेलं किट एसीत नेलं की सूर सरकतो, म्हणून उतरवल्यावर निदान तासभर तसंच राहू द्या आणि मगच शेवटचं ट्यूनिंग करा. शिफ्टमध्ये हा तास आधीच धरा.

मग दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला बसवा आणि तुम्ही कंट्रोल रूममध्ये ऐका. स्टुलावर बसून जी घुमघुम खटकते ती गिटार आल्यावर बरेचदा ऐकूही येत नाही, उलट तीच काढून टाकली तर मिक्समध्ये टॉम पुठ्ठ्यासारखा लागतो. शुअर एसएम५७ माइक रिमवर दोन बोटं उंच, तोंड हेडच्या मध्याकडे. कडेकडे वळवलात तर वरचे स्वर वाढतात. एवढं करूनही एखादा स्वर टोचलाच, तर हेडवर चिकटवायच्या जेलचा एक छोटा तुकडा कडेशी. त्याहून जास्त लागत असेल तर पुन्हा चावी घ्या.

दर दोन टेकनंतर स्नेअरचे तुमच्या बाजूचे रॉड तपासा, रिमशॉटने तेच आधी सुटतात. बॅगेत स्नेअरचं वरचं एक जादा हेड आणि दोन चाव्या असू द्या.