वाजला म्हणजे पोचला नव्हे

प्रिय मित्रा,

‘अग्निशमन दलातल्या सगळ्यांच्या फोनवर आगीची खबर देणारं अ‍ॅप आलंय, मग त्यांना बोलावायला छपरावरचा भोंगा कशाला?’ हा तुझा प्रश्न अर्धाच आहे. भोंगा की अ‍ॅप हा वाद सोड. खबर किती वाटांनी जाते आणि त्या वाटा कुठे एक होतात, ते आधी बघ.

अ‍ॅप आणि एसएमएस दोन्ही बहुतेक वेळा एकाच टॉवरवरून येतात. टॉवर बसला की दोन्ही गप्प. त्यातून एसएमएस साठवून पुढे पाठवला जातो; गर्दीत अर्ध्या तासानं आला, तरी पडद्यावर ‘पाठवला’ असंच दिसतं. पाठवला म्हणजे पोचला नव्हे! पेजरची (खिशात ठेवायच्या छोट्या रेडिओची) वाट खरंच वेगळी: रेडिओवर एक सूर साधारण 1 सेकंद, लगेच दुसरा 3 सेकंद, जोडी जुळली की पेजर उघडतो आणि पत्ता ऐकू येतो. पण तळघरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तोही मुका होतो.

आता भोंगा. त्याचा आवाज 30 मीटरवर मोजून सांगतात. अंतर दुप्पट झालं की 10 डेसिबल कमी धर. 120 चा भोंगा किलोमीटरभर अंतरावर जेमतेम 70 उरतो, आणि बंद खिडकीआड झोपलेल्याला तेवढ्यानं जाग येत नाही. तो उघड्यावरच्या माणसासाठी आहे. म्हणून तर एकट्या भोंग्यावरही माझा भरवसा नाही. मला जुनाट म्हणणाऱ्यांनी एवढं वाचावं.

दर महिन्याला दोन सेकंद गुरगुरवून चाचणी झाली म्हणतोस? त्यानं फक्त मोटरला वीज मिळते एवढं कळतं. पूर्ण वेगाला जाऊ दे. 10 खाचांचा रोटर (भोंग्यातलं फिरणारं चाक) मिनिटाला 2800 फेरे घेत असेल, तर सूर 467 हर्ट्झच्या आसपास हवा. सूर मोजणाऱ्या अ‍ॅपनं तपास (अ‍ॅपचा एवढा उपयोग मला मान्य आहे). सूर उतरलेला असेल तर बेअरिंग जड झालंय किंवा व्होल्टेज पडतंय. नुसती घूं-घूं आणि फिरत नाही, तर तीनपैकी एक फेज गेलाय. लगेच बंद कर, नाहीतर मोटरचं वाइंडिंग जळेल. बटण सोडूनही थांबत नसेल तर कॉन्टॅक्टरचे (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत. जाळीतली घरटीही काढ. बॅटरीवर चालणारा असेल तर व्होल्टेज भोंगा वाजत असताना मोज, एरवीचा आकडा फसवतो.

शेजारी वैतागतात, हेही खरं. मग लांबवू नकोस. जर्मनीत आगीचा इशारा 12 सेकंदांचे तीन सूर, मध्ये तेवढीच शांतता, एवढ्यात संपतो. ऑस्ट्रियात दर शनिवारी दुपारी 12 वाजता 15 सेकंदांची चाचणी होते. वेळ ठरलेली असली की लोक घड्याळ लावून घेतात.

आणि मोजायचं ते डेसिबल नव्हे, माणसं. तीन मिनिटांत किती जणांनी ‘निघालो’ म्हटलं? गाडी भरण्याइतके नसतील तर पुन्हा इशारा आणि त्याच क्षणी शेजारच्या दलाला बोलावणं. येत्या चाचणीला मोबाइल डेटा बंद ठेवायला सांग आणि किती जण आले ते मला कळव.