बलक पिवळा का, आणि आणखी पाच पत्रं

या महिन्याची पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. कुणी अंड्याबद्दल विचारलंय, कुणी पक्ष्याबद्दल, कुणी डोळ्यांबद्दल. पण बहुतेक प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी जातात. कोण काय खातं, आणि खाल्लेलं पुढे कुठे जाऊन बसतं? एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवताना वर्गात मी हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला असेन. म्हणून सहा पत्रं एकत्र घेतली आहेत.

आम्ही गडद केशरी बलकाची अंडी मुद्दाम शोधून आणतो. फिक्या बलकात कस नसतो, हे खरं का? आणि तपकिरी अंडं पांढऱ्यापेक्षा पौष्टिक असतं का?

बलकाचा रंग म्हणजे कोंबडीने गेल्या आठ-दहा दिवसांत काय खाल्लं, याची नोंद. बलक एका रात्रीत तयार होत नाही. तो थरावर थर चढत मोठा होतो, आणि त्या दिवसांत खाद्यातून आलेली पिवळी-केशरी रंगद्रव्यं त्यात उतरतात. त्यांना कॅरोटिनॉइड म्हणतात. बलकात मुख्यतः ल्युटीन आणि झियाझँथिन ही दोन असतात. पिवळा मका, हिरवं गवत, झेंडूच्या पाकळ्या यांतून ती मिळतात. पांढरा मका किंवा गहू खाणाऱ्या कोंबडीचा बलक फिका पडतो. खाद्यात झेंडूचा किंवा लाल मिरचीचा अर्क मिसळला की काही दिवसांत तो गडद होतो. मोठ्या पोल्ट्रीत बलकाचा रंग मोजायला क्रमांक घातलेल्या रंगपट्ट्यांचा पंखा वापरतात, आणि गिऱ्हाइकाला आवडेल त्या क्रमांकापर्यंत रंग नेतात. तुम्ही शोधून आणलेला केशरी रंग असा ठरवून आणलेलाही असू शकतो.

यात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बलकातलं ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ रंगहीन असतं. आणि ज्या ल्युटीनमुळे बलक पिवळा दिसतो, त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनतच नाही. फिक्या बलकात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असू शकतं, कारण ते खाद्यातून वेगळं दिलेलं असतं. प्रथिनांचा तर रंगाशी संबंधच नाही. गडद बलकात ल्युटीन जास्त असेल तर त्याचा थोडा फायदा जरूर आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जो पिवळा ठिपका असतो, त्याचा पिवळेपणा याच दोन द्रव्यांचा. पण तीच द्रव्यं हिरव्या पालेभाज्यांत कितीतरी जास्त असतात.

कवचाच्या रंगाचा पौष्टिकपणाशी काही संबंध नाही, तो कोंबडीच्या जातीवर ठरतो. हे स्वतः बघायचं असेल तर तपकिरी अंडं व्हिनेगरच्या पेल्यात ठेवा. कवचावर बारीक बुडबुडे धरतील. तो कार्बन डायऑक्साइड, कारण कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. तासाभराने अंड्यावरून अंगठा फिरवा. तपकिरी थर सायीसारखा सरकतो आणि खालून पांढरं कवच डोकावतं. कवच तयार व्हायला जे वीसेक तास लागतात, त्यांतल्या शेवटच्या काही तासांत हा रंग वरून चढतो. वर्गात हे दाखवलं की दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, “बाई, म्हणजे आत सगळी सारखीच?” हो, आत सगळी सारखीच.

मग बघायचं काय? ताजेपणा. अंडं सपाट ताटलीत फोडा. बलक घुमटासारखा वर उभा असेल आणि त्याच्याभोवती पांढऱ्याचा दाट भाग गोळा झालेला असेल, तर अंडं ताजं. सगळं पाण्यासारखं पसरलं तर जुनं.

फ्लेमिंगो जन्मतःच गुलाबी असतात का? (इयत्ता पाचवीतली वाचक)

नाही गं. पिल्लू राखाडी-पांढरं असतं आणि पुरतं गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. फ्लेमिंगो चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातलं शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव खातो. रंग त्या खाण्यातला. म्हणजे वरच्या उत्तरात कोंबडीच्या बलकात उतरला, त्याच कुळातला रंग इथे पिसांत उतरला. पूर्वी प्राणिसंग्रहालयांत फ्लेमिंगो हळूहळू फिके पडायचे, आणि खाद्यात कॅरोटिनॉइड घातल्यावर पुन्हा रंगायचे.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते त्यांचं दूध. फ्लेमिंगोचे आई-बाबा दोघंही अन्ननलिकेच्या वरच्या भागात एक दाट, लाल रंगाचा रस तयार करून पिल्लाला चोचीतून भरवतात. पिल्लू वाढतं आणि आई-बाबा फिके पडत जातात. त्यांच्या अंगातला रंग अक्षरशः पिल्लाच्या पोटात जातो.

प्राणी हे रंग स्वतः बनवू शकत नाहीत, असं मीही वर्षानुवर्षं शिकवलं. मग २०१० मध्ये नॅन्सी मोरान आणि टायलर जार्विक यांनी दाखवून दिलं की झाडावरचा मावा ते बनवतो. त्यासाठी लागणारी जनुकं त्याच्या पूर्वजांनी बुरशीकडून मिळवलेली आहेत. गुलाबाच्या कळीवर मावा दिसला तर पुसून टाकण्याआधी एकदा भिंगातून बघ.

मुलाला चष्मा लागलाय. रोज गाजर दिलं तर नंबर उतरेल का?

उतरणार नाही. लांबचं धूसर दिसतं ते बुबुळाची वक्रता आणि डोळ्याच्या गोळ्याची लांबी यांचा मेळ बसत नाही म्हणून. गाजराने डोळ्याची लांबी बदलत नाही. चष्मा वेळेवर लावा आणि मुलाला भरपूर वेळ उन्हात, मोकळ्यावर खेळू द्या. बाहेर खेळणाऱ्या मुलांत हा नंबर लागण्याचं प्रमाण कमी आढळतं.

गाजराने दृष्टी तीक्ष्ण होते, ही समजूत रुजायला दुसऱ्या महायुद्धानेही हातभार लावला. ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम रात्री शत्रूची विमानं पाडत होता, आणि ते गाजराचं यश असल्याचं सगळीकडे पसरलं. खरं यश विमानात बसवलेल्या रडारचं होतं.

पण गाजराला मी मोडीत काढणार नाही, कारण ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता काय करते ते मी जवळून पाहिलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता, अकरा वर्षांचा. संध्याकाळी नाटकाच्या तालमीला तो बाकांना अडखळायचा, मुलं हसायची, आणि एकदा मीही त्याला रागावले, “नीट बघून चालता येत नाही का?” काही दिवसांनी वही तपासताना तो जवळ उभा होता. त्याच्या डोळ्याच्या पांढऱ्यावर, बुबुळाच्या कडेला, साबणाचा फेस वाळावा तसा एक छोटा पांढुरका डाग दिसला. हा बीटोचा डाग. पिएर बीटो यांनी १८६३ मध्ये त्याचं वर्णन केलं आहे. त्या मुलाला रातांधळेपणा होता. डॉक्टरांनी ‘अ’ जीवनसत्त्व दिलं आणि त्याला संध्याकाळचं पुन्हा दिसू लागलं. मी त्याची माफी मागितली, पण ते रागावणं माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

डोळ्याच्या पडद्यावर र्‍होडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, मंद उजेडात दिसतं ते त्याच्यामुळे. ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप त्याचा भाग असतं. हे काम जॉर्ज वॉल्ड यांचं, त्याबद्दल त्यांना १९६७ चं नोबेल विभागून मिळालं. जीवनसत्त्व संपत आलं की आधी अंधूक प्रकाशातलं दिसणं जातं, मग डोळा कोरडा पडतो, आणि दुर्लक्ष झालं तर बुबुळ फुटून कायमचं अंधत्व येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या कमतरतेमुळे दर वर्षी २,५०,००० ते ५,००,००० मुलांची दृष्टी जाते, आणि त्यांतली निम्मी वर्षभरात दगावतात. तुमचं मूल दिवेलागणीला अडखळत असेल तर त्याला रागावू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

१०० ग्रॅम गाजरातून एका मोठ्या माणसाची ‘अ’ जीवनसत्त्वाची दिवसाची गरज जवळपास भागते. मात्र गाजर थोडं शिजवून, तेलाच्या चमच्यासोबत द्यावं. गाजरातल्या ज्या केशरी रंगद्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, ते कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, कोरडं कच्चं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. लाल भोपळा, केशरी रताळं, गर्द हिरव्या पालेभाज्या हेही तितकेच उपयोगी.

मग ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्याच घेतल्या तर? जास्त झालं तर लघवीवाटे जाईलच ना?

‘क’ जीवनसत्त्वाचा जादा भाग तसा जातो. ‘अ’चा जात नाही, तो यकृतात साठतो. १५९६-९७ च्या हिवाळ्यात विलेम बारेंट्सचे डच खलाशी रशियाच्या उत्तरेला, नोवाया झेमल्या या बेटावर बर्फात अडकले होते. त्यांच्यातल्या खेरिट दे व्हेर यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय, की अस्वलाचं यकृत खाल्ल्यावर सगळे आजारी पडले आणि तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. कारण कळायला साडेतीनशे वर्षं जावी लागली. ध्रुवीय अस्वलाच्या यकृताच्या एका ग्रॅममध्ये माणसाला चार ते सहा दिवस पुरेल इतकं ‘अ’ जीवनसत्त्व असतं. शेवाळातलं कॅरोटीन बारीक जिवांत, तिथून माशांत, मग सीलमध्ये, शेवटी अस्वलात, असं ते साठत गेलेलं असतं.

गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. गरोदरपणात तर मुळीच नको, गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. भाज्यांतून हा धोका नाही, कारण शरीर कॅरोटीनचं जीवनसत्त्वात रूपांतर गरजेपुरतंच करतं. फार गाजरं खाल्ली तर तळहात पिवळे होतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहिला असेल तर ती कावीळ नव्हे. तोही पिवळा झाला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

विषारी द्रव्यंही अशीच साठत जातात का? मासे खाणं बंद करावं का?

साठतात. तुमच्या प्रश्नाने मी पुन्हा अंड्याकडे येते. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात बहिरी ससाण्यांच्या घरट्यांत फुटलेली अंडी सापडू लागली. डेरेक रॅटक्लिफ यांनी छंदिष्टांनी जमवलेली जुनी अंडी काढून त्यांच्या कवचांची वजनं घेतली आणि १९६७ मध्ये निष्कर्ष मांडला: १९४७ च्या सुमारापासून कवचं एकाएकी हलकी झाली होती, जवळजवळ पाचव्या हिश्शाने. डीडीटी या कीटकनाशकाचा सर्रास वापर सुरू झाला तो काळ हाच. किडा, लहान पक्षी, ससाणा असं ते वर चढत गेलं, आणि अंगावर बसलेल्या आईच्याच वजनाने अंडी फुटू लागली. कोंबडीवर हा परिणाम फारसा होत नाही, म्हणून पोल्ट्रीत कुणाच्या लक्षात आलं नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली, पाळून वाढवलेली पिल्लं रानात सोडली गेली, आणि १९९९ मध्ये हा ससाणा तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. कुणीतरी धूळ खात पडलेली अंडी तराजूत घातली म्हणून हे घडलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

माशांतला पारा याच वाटेने येतो. तो स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, म्हणून धुऊन किंवा शिजवून जात नाही. मासे बंद करू नका, मासा निवडा. शार्क, स्वोर्डफिशसारखे मोठे, दीर्घायुषी, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी टाळावेत. सार्डिनसारखे लहान मासे, जे स्वतःच साखळीत खाली आहेत, ते खुशाल खावेत.

घरात आम्ही कुणीच मांस खात नाही. मांजरीला गाजर, भोपळा, दूध यांवर वाढवता येईल का?

नाही. कुत्र्याचं शरीर कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, मांजराचं बनवू शकत नाही. तिला ते तयारच लागतं. टॉरिन नावाचं द्रव्यही तिला पुरेसं बनवता येत नाही, आणि ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हृदय पसरून अशक्त होतं. टॉरिन मांस-माशांत असतं, भाज्यांत नसतं. तुमच्या भावना मी समजू शकते. स्वतः हाताळणं जमत नसेल तर पशुवैद्यांना विचारून मांजरांसाठीचं संपूर्ण पोषण देणारं तयार खाद्य आणा. आणि आजवर भाजीवरच ठेवली असेल, तर खाणं बदलण्याआधी एकदा तिचे डोळे आणि हृदय तपासून घ्या.