महाकाव्याला हात घालण्यापूर्वी

महाकाव्य लिहू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा नायकाच्या जन्मापासून आरंभ करतो आणि नायक शस्त्र हाती घेईपर्यंत कवी व वाचक दोघेही थकलेले असतात. म्हणून संकट दाराशी येऊन ठेपले असतानाच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. होमरच्या ‘इलियड’मध्ये दहा वर्षांच्या युद्धातील काही आठवडेच प्रत्यक्ष घडतात, मागचे पुष्कळसे संवादांतून आणि आठवणींतून उमगते.

वृत्ताची निवड मात्र घाईने करू नये. दीर्घ कथन पेलायला अनुष्टुभ छंद मला सर्वांत भरवशाचा वाटतो: श्लोकाच्या चार चरणांपैकी (भागांपैकी) प्रत्येकात ८ अक्षरे, पाचवे लघू (आखूड उच्चाराचे), सहावे गुरू (लांब उच्चाराचे) आणि दुसऱ्या व चौथ्या चरणांत सातवेही लघू. ‘उठली लाट काळोखी, दीप तो विझला तटी’ ही दोन चरणांची ओळ मोठ्याने म्हणून पाहा. ‘तटी’ऐवजी ‘काठी’ घातले, तर अर्थ तोच राहतो, पण सातवे अक्षर गुरू होऊन चाल अडखळते. हे अडखळणे डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळते. त्यामुळे रोज लिहिलेले रोज मोठ्याने वाचावे. सर्गाच्या, म्हणजे महाकाव्यातील अध्यायाच्या, शेवटी वृत्त बदलण्याची जुनी रीतही पाळण्यासारखी आहे, कारण तिथे कानाला विसावा मिळतो.

प्रतिनायक तोलामोलाचा हवा. त्याची बाजू मांडणारे भाषण तुम्ही नायकाच्या भाषणाआधी, मनापासून लिहा.

पहिल्या वर्षी एकच सर्ग, शंभरेक श्लोकांचा, पूर्ण करा आणि मगच पुढील सर्गांचा आराखडा मांडा.